कुणी न नेलेल्या पुस्तकांची अक्का

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, ते पुस्तकांना ऊन दाखवण्याचं. दसरा होऊन गेला होता. ऊन चांगलं कडक होतं. गावच्या वाचनालयातलं एक लोखंडी कपाट अक्काने सकाळीच रिकामं केलं आणि त्यातली सगळी पुस्तकं आमच्या अंगणात आणली. पाखरांची, सापांची, झाडांची, गवताची, दगडमातीची. मी दोन खाटा टाकल्या. तिने त्यांवर जुनं लुगडं अंथरलं आणि एकेक पुस्तक पानं मोकळी करून उभं ठेवलं. धरणावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसतो, तशी ती पुस्तकं दिसत होती. मी कडुनिंबाचा वाळका पाला आणून दिला. तो पानांत घातला की कसर लागत नाही.

ती एकेकाचं कव्हर ओल्या फडक्याने पुसत होती. फाटलं असेल तिथे खळ लावत होती. मी म्हणालो, "मुलगी दाखवायची हाये का आज?"

"तसंच समजा," ती म्हणाली. "उद्या समितीचे लोक पाहायले येतीन. जरा बरी दिसली पाहिजेत."

"आणि नाकारली तर?"

"तर रद्दीत. यांले दुसरं स्थळ कोण आणीन?"

त्याच दिवशी दुपारी अक्का गेली. मी हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगून लोकांना रडवायचं मला जमत नाही.

अक्का म्हणजे माझी बायको. सख्ख्या बायकोला अक्का म्हणणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांना मी एकटाच असेन. लोक हसायचे. पण वाचनालयात ती शिपाई म्हणून लागली तेव्हापासून लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायला लागले. आमची मुलगी लहानपणी आईला अक्काच म्हणायची. दारात येणारा माणूसही "अक्का आहे का घरात" असंच विचारायचा. मग मी एकटा वेगळं काय म्हणणार? आमच्या वेळेला बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. अक्का म्हणणं सोपं पडलं.

ती सातवी शिकलेली. मी चौथी, तीही मारूनमुटकून. वाचनालय उघडायचं, झाडायचं, पेपर काठीला लावायचे, माठ भरायचा, एवढंच तिचं काम. पुस्तकं देण्याघेण्याचं काम ग्रंथपालाचं. पण ग्रंथपाल बदलत गेले आणि अक्का तिथेच राहिली. त्यामुळे कुठलं पुस्तक कुठे आहे, ते तिलाच विचारावं लागायचं.

त्या वाचनालयात एक नियम होता. जे पुस्तक वर्षानुवर्षं कोणी नेत नाही ते निकालात काढायचं आणि जागा मोकळी करायची. नियम चुकीचा नाही. मीसुद्धा भाकड म्हैस ठेवत नाही. पण कादंबऱ्या लोक नेत, देवाधर्माचं नेत, परीक्षांची पुस्तकं तर पोरं नेत आणि परत आणायची विसरत. खिडकीजवळच्या त्या एका कपाटाला मात्र कोणी हात लावत नसे. त्यात आपल्याकडची पाखरं, आपल्याकडचे साप, सातपुड्यातली झाडं, असली पुस्तकं होती. कोणा भल्या माणसाने कधीतरी देणगी दिलेली. एकदा कपाट पुसताना अक्काने त्यातलं एक उघडलं. आत आमच्या बांधावरच्या टिटवीचं चित्र होतं. ती मला म्हणाली, "अहो, आपली टिटवी पुस्तकात हाये." मी म्हणालो, "मग? पुस्तकात गेल्यावर ती ओरडायची थांबली का?" तेव्हापासून ते कपाट तिचं झालं.

पुस्तकं निकालात जाऊ नयेत म्हणून तिने एक रीत काढली. पहिल्यांदा माझ्या नावावर पुस्तक घेतलं. मग मुलीच्या. मग आमच्या आळीतल्या एकेका घराला तिने वाचनालयाचं सभासद करून टाकलं आणि पुस्तकं घरोघर पोचवायला लागली. आळीतली माणसं केळी कापायला, कापूस वेचायला जाणारी. त्यांना काय वाचायचंय? पण ती दारात जाऊन म्हणायची, "राहू दे व बाई पंधरा दिवस. फक्त त्यावर तेलाचा हात लावू नको आणि चुलीजवळ ठेवू नको." पाहुणं मूल सोपवावं तसं सोपवायची. पंधरा दिवसांनी एका घरचं पुस्तक दुसऱ्या घरी. कोणी वाचो न वाचो, पुस्तक बाहेर फिरून आलं की झालं. मी म्हणालो, ही लबाडी आहे. ती म्हणाली, "लबाडी कशाची? घरात आलेलं पुस्तक कधीतरी कोणी उघडतंच. पोरगं उघडीन, नाहीतर वारा उघडीन."

ती स्वतः मात्र सगळं वाचायची, आणि वाचलेलं मला जेवताना सांगायची. मी नको म्हणालो तरी सांगायची. ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि कानात मुंगूस. एकदा दगडमातीचं पुस्तक चालू होतं. म्हणाली, "आपली ही काळी माती हाये ना, ती आगीतून आली. जमिनीतून तापलेला रस निघाला, त्याचा दगड झाला, त्या दगडाची ही माती."

मी म्हणालो, "म्हणूनच वैशाखात पाय भाजतात. अजून गार झाली नाही वाटतं."

तिने भाकरी वाढायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाले सांगणं म्हणजे बैलाले पंचांग दाखवणं." पण दुसऱ्या दिवशी पुढचं पान सांगितलंच. मी शेतकरी माणूस. पाखरू दादर ज्वारीच्या कणसावर बसलं की मी गोफण घेणार आणि ती पुस्तक घेणार. आमचं भांडण एवढंच. ते चाळीस वर्षं पुरलं.

ती हुशार होती असं मी म्हणणार नाही. चुकायची भरपूर. सुरुवातीला तर पुस्तकात चित्र जेवढं मोठं तेवढंच पाखरू मोठं, असं ती धरून चालायची. शिंजीर नावाचं एक पाखरू आहे, जांभळं, चमकतं. त्याचं चित्र पानभर होतं. मोराचं चित्र मात्र कोपऱ्यात, काड्यापेटीएवढं. मोर आम्ही पाहिलेला, म्हणून त्यात तिची फसगत झाली नाही. पण शिंजीर ती महिनोन्महिने कावळ्याच्या मापाचा शोधत होती. आंब्यावर बघ, चिंचेवर बघ. मला बांधावर उभं करून वर बघायला लावायची, माझी मान आखडायची. शेवटी मुलीने दाखवलं. आमच्याच दारातल्या जास्वंदीवर रोज येत होतं. अंगठ्याएवढं. आम्ही त्याला फुलचुखी म्हणून हाकलत होतो.

अक्का त्या जास्वंदीपुढे किती वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "त्या पुस्तकवाल्याने शेजारी एक कावळा तरी काढायचा होता. मापाले." त्यानंतर ती कुणालाही पाखरू सांगताना आधी माप सांगायची, आणि तेही स्वयंपाकघरातलं. शिंजीर लिंबाएवढा. पिंगळा लोट्याएवढा. तळ्याकाठची ढोकरी बगळी पातेल्याएवढी, पण पाय पळीचे.

थंडीत आम्ही हतनूर धरणाच्या पाण्यावर जायचो. मी मोटारसायकल चालवायचो, ती मागे मांडीवर जाडं पुस्तक घेऊन बसायची. लांब दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या आणि अलीकडे सगळं पाणी पाखरांनी भरलेलं. लोक मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन यायचे. आमच्याकडे दशम्या आणि पुस्तक. पाखरू दिसलं की ती पानं उलटायला लागायची. पान सापडेपर्यंत पाखरू उडालेलं असायचं. मग जे पान त्या वेळेला उघडं असेल त्याचंच नाव ती त्या पाखराला द्यायची. मी म्हणायचो, "हे तर बदक होतं." ती म्हणायची, "तुम्हाले बठ्ठी पाखरं बदकच दिसतात. खा दशमी." एकदा एक दुर्बिणवाला मुलगा जवळ आला, त्याने तिला बघायला दिलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "छान हाये रे बाबा. पण याच्यात फक्त पाखरू दिसतं. तळं दिसत नाही." आणि त्याला दशमी दिली.

सापाच्या पुस्तकाची गोष्ट सांगितल्याशिवाय अक्का कळणार नाही.

ते पुस्तक एका पावसाळ्यात शेजारच्या यमुनाबाईकडे होतं. यमुनाबाईच्या घरात नातवंडं फार. ती पुस्तक फाडतील म्हणून तिने ते गोठ्यातल्या फळीवर ठेवून दिलं. त्या गोठ्यात दर पावसाळ्यात साप निघायचाच. त्या वर्षी निघाला नाही. आता का निघाला नाही ते सापाला माहीत. पण यमुनाबाईने सगळ्यांना सांगितलं की अक्काचं सापाचं पुस्तक गोठ्यात ठेवलं तर साप येत नाही.

झालं. पुढच्या मृगापासून वाचनालयात बायकांची रांग. ज्यांनी कधी त्या इमारतीची पायरी चढली नव्हती, त्या डोक्यावर पदर घेऊन विचारायला लागल्या, "सापाचं पुस्तक हाये का व?" आधीच्या घरी पंधरा दिवस पूर्ण होण्याआधी दुसरी दारात उभी. एकीने त्याला हळदकुंकू वाहिलं. त्याचा डाग शेवटपर्यंत कव्हरवर होता. त्या कपाटातलं एक पुस्तक गावात सगळ्यात जास्त जाणारं झालं, आणि कोणीही ते उघडत नव्हतं.

अक्काची पंचाईत झाली. तिला असल्या गोष्टींचा राग. पण पुस्तक बाहेर जातंय याचा आनंदही. मी चिडवलं, "तुझं पुस्तक देव झालं आता. नारळ फोड."

"देवाले तरी कोणी उघडून पाहतं का?" ती म्हणाली.

मग तिने अट घातली. पुस्तक न्यायचं असेल तर तिच्यासमोर उघडायचं, त्यातला एक साप ओळखायचा, मगच न्यायचं. दरवेळी वेगळा साप. बायका वैतागल्या. यमुनाबाई तर भांडायलाच आली. "मी कुठी शिकलेली व अक्का? मले काय वाचता येतं?"

"वाच कोण म्हणतं? चित्र पाहायले शाळा लागत नाही."

"आणि भ्याव वाटलं तर?"

"कागदाचा साप हाये यमुने. हा चावला तर मी दवाखान्यात नेईन."

यमुनाबाईने डोळे अर्धे मिटून पान उघडलं. धामण निघाली. अक्काने तिला सांगितलं की ही चावली तरी विष नाही, उंदीर खाते, आपलं धान्य वाचवते. यमुनाबाई म्हणाली, "पण ती गाईच्या पायाले वेढा मारून दूध पिते ना!" अक्का म्हणाली, "तुझी गाय एका वासराले पाजताना लाथ मारते. ती सापाले उभी राहीन?" रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. यमुनाबाईसुद्धा हसली. पुस्तक घेऊन गेली आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

पण श्रावणात तिच्या अंगणात खराच साप निघाला, लांबलचक. पोरं काठ्या घेऊन धावली. यमुनाबाई मध्ये उभी राहिली. "थांबा रे! मले तोंड पाहू द्या त्याचं!" आणि गोठ्यातून पुस्तक आणून पानं उलटायला लागली. तिला पान सापडेना. पोरं काठ्या वर करून उभी. ती म्हणते, थांबा, थांबा, हा पिवळा हाये, पिवळ्याचं पान येऊ द्या. तेवढ्यात साप कुंपणातून नाल्यात निघून गेला. तो धामणच होता की आणखी काही, ते कोणालाच कळलं नाही.

मी अक्काला सांगितलं, तुझ्या पुस्तकाचा काही उपयोग झाला नाही, पानसुद्धा सापडलं नाही. ती भरिताची वांगी भाजत होती. म्हणाली, "हाच तर उपयोग. पान सापडेपर्यंत काठी थांबते."

मी उरलेली वांगी उलटवायला बसलो.

आमची मुलगी धुळ्याला दिली आहे. तिथे राहून ती आता "काय करी राहिनी माय" असं बोलते. अक्का फोनवर तिला चिडवायची, "तू आता धुळ्याचीच शे." पण चिडवून झालं की विचारायची, तिकडे लळिंगच्या डोंगराला पळस फुलला का, कुठली पाखरं आली. मुलगी म्हणायची, आई, मला दोन मुलं आहेत, मी कधी बघू? अक्का म्हणायची, "कपडे वाळत घालायले गच्चीवर जाते ना? तेव्हा वर पाहायचं. त्याले वेगळा वेळ लागत नाही."

वाचनालयाची समिती वाईट माणसांची नाही, हे सांगून ठेवतो. अध्यक्ष आमचे शेठजी, डाळ मिलवाले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजींचं बोलणं-चालणं सगळं आमच्यासारखंच. त्यांनी गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. पोरं पोलीस भरतीची, तलाठ्याची परीक्षा देतात, घरी जागा नसते, बसायला टेबलं पाहिजेत. टेबलं खिडकीजवळ पाहिजेत, कारण उजेड तिथे. आणि खिडकीजवळ अक्काचं कपाट. बाकी सगळी कपाटं भिंतीला टेकून बसवता आली, हे एकच जास्तीचं होत होतं.

अक्का टेबलांच्या विरोधात नव्हती. शेठजींना तिने तोंडावर सांगितलं, "भाऊ, पोरांले टेबल पाहिजेच. पण ही पोरं तलाठी होतीन, जमिनी मोजतीन. मोजायच्या आधी त्या जमिनीवर काय काय राहतं हे पाहायले एक कपाट तरी राहू द्या."

शेठजी म्हणाले, "अक्का, तुमच्या आळीशिवाय ही पुस्तकं कोण नेतं, सांगा."

ती म्हणाली, "नेतात ना पण."

शेठजी हसले. म्हणाले, सोमवारी टेबलं येतील जळगावहून, त्याच दिवशी समिती कपाट बघून काय ते ठरवेल. म्हणून रविवारी ते ऊन.

दुपारी आम्ही जेवलो. तिने कमी खाल्लं, पण ती कमीच खायची. म्हणाली, "मी जरा पडते. कडुनिंबाची सावली सरकली की पुस्तकं फिरवा. उन्हात ठेवा." मी म्हणालो, हो. मी अंगणात पुस्तकं फिरवत बसलो. सावली आली की खाट ओढायची, पुस्तकं पुन्हा उभी करायची. काही चित्रं बघितली. चहाच्या वेळेला उठवायला गेलो. ती उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि काढली. म्हणाले, झोपेतच. किती वेळ झाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी पुस्तकं फिरवत होतो तेव्हाच केव्हातरी.

अंगण माणसांना लागणार होतं. आळीतल्या बायकांनी पुस्तकं गोळा करून धुतलेल्या खताच्या गोण्यांमध्ये भरली. यमुनाबाई रडत होती आणि भरता भरता दुसऱ्या बायकांना ओरडत होती, "पालथी टाकू नका व, मोडतीन." धुळ्याहून मुलगी आणि जावई आले. रात्रीच सगळं उरकलं. अग्नी मीच दिला. लोक म्हणत होते, नाना, रडून घ्या. मला रडू येत नव्हतं. पाय दुखत होते, एवढं कळत होतं.

स्मशानातून आल्यावर शेठजी माझ्याजवळ बसले. हात हातात घेतला. म्हणाले, "नाना, आता कपाटाची काळजी करू नका. आमचं ठरलं आहे. पुस्तकं तुमच्याकडेच राहू द्या. अक्कांची आठवण म्हणून. कपाट तेवढं सकाळी हलवू, टेबलांचा टेम्पो येतोय, तो थांबवता येत नाही."

त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मुलगीही म्हणाली, "हो बाबा, राहू द्या. आईची पुस्तकं आहेत." मी मान हलवली. पण मला माहीत होतं की ती आईची पुस्तकं नाहीत. अक्का त्यातलं एकही कधी घरात ठेवून घ्यायची नाही. वाचून झालं की दुसऱ्या दिवशी परत. ती म्हणायची, कपाटात आहे तोवर पुस्तक गावाचं, घरी ठेवलं की एका माणसाचं, आणि तो माणूस गेला की रद्दीवाल्याचं. माझ्या घरात आता एकच माणूस राहिला होता, आणि तोही फार दिवसांचा नाही.

सकाळी यमुनाबाईने चहा आणून दिला. मी तो प्यायलो. मुलगी आत बायकांशी बोलत होती. मी गोण्या उचलून मोटारसायकलच्या मागे बांधल्या. जावई म्हणाले, "बाबा, सुतक आहे. कुठे निघालात? मी जातो ना." मी म्हणालो, "तुम्हाला ती पुस्तकं लावता यायची नाहीत." दोन फेऱ्या झाल्या.

ग्रंथपाल प्रमोद कुलूप उघडत होता. मला बघून तो घाबरला. मी गोण्या आत ओढल्या. कपाट अजून खिडकीजवळच होतं, रिकामं, दारं उघडी. मी पुस्तकं लावायला घेतली. अक्काची लावायची रीत पुस्तकांवरच्या नंबरांची नव्हती. खालच्या कप्प्यात पाण्यातलं, त्याच्या वर शेतातलं, सगळ्यात वर सातपुड्यातलं. कव्हरं बघून मला तेवढं येत होतं. कडुनिंबाचा पाला आत होता, तो तसाच ठेवला.

प्रमोद म्हणाला, "नाना, शेठजींनी सांगितलंय की पुस्तकं तुमच्याकडे..."

"माझ्या नावावर किती मिळतात?"

"एक."

"आणि इथं बसून वाचायला नाव लागतं का?"

"नाही. इथं कोणीही बसून वाचू शकतं."

मी एक बाक ओढला, कपाटाला पाठ लावून ठेवला आणि त्यावर बसलो. हाताला आलं ते पुस्तक घेतलं. ते गवताचं निघालं. त्यात रंगीत चित्रंसुद्धा नाहीत. आळीतल्या कोणी ते कधी आपण होऊन घेतलं नव्हतं. चष्मा घरी राहिला होता. पुस्तक लांब धरलं.

टेम्पो आला. दोघं जण आत आले. म्हणाले, कपाट घ्यायचंय, बाबा जरा उठा. प्रमोदने त्यांना काहीतरी हळू सांगितलं. ते दाराशी जाऊन उभे राहिले. पेपर वाचायला आलेली माणसंही थांबली. मग शेठजी आले, तेही दारातच थांबले. चपला काढून आत आले, पण पुढे आले नाहीत.

मला मनात वाचता येत नाही. चौथीत शिकवलं तसंच येतं, बोट ठेवून, मोठ्याने. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलेलं आहे. मी तरी मोठ्यानेच सुरू केलं. "कुंदा हे गवत काळ्या जमिनीत येते. त्याची मुळे खोल असल्याने ते नांगरून जात नाही."

हे मला माहीत होतं. सगळ्या जन्मात मी तेच उपटत आलो. पुढचं वाक्य माहीत नव्हतं. तेही वाचलं.